सोळा अंशांवरचं आकाश

दिवाळी जवळ आली की या स्तंभाकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो बांद्याहून आला आहे. पत्र लिहिणारा तरुण नुकता नोकरीला लागलाय, बोनसचे पैसे हातात येणार आहेत आणि त्याला तेजोमेघांचे, दीर्घिकांचे फोटो काढायचे आहेत. कुठली दुर्बीण घेऊ, असं त्याने विचारलंय. खाली पुरवणी जोडलीय: मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून दक्षिणेकडे रात्रभर उजेड दिसतो, हायवेचे दिवे आहेतच, मग आता बांद्यातून काही मिळेल का?

मिळेल. बरंच काही मिळेल. पण दुर्बीण घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

नवशिक्यांसाठी उपकरणांच्या ज्या याद्या फिरत असतात त्या बहुतेक इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेतल्या माणसांनी आपापल्या अंगणासाठी केलेल्या असतात. त्यांचा ध्रुव तारा आकाशात चांगला वर असतो. त्यांना सलग चार महिने झाकोळणारा पाऊस नसतो. बांदा १६ उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली, तेरेखोल नदीच्या काठावर, समुद्राच्या दमट हवेत वसलेलं गाव आहे. इथे ध्रुव क्षितिजावर जेमतेम १६ अंश दिसतो, लेन्सवर बुरशी चढते आणि दक्षिणेचं जे आकाश लंडनकरांना जन्मात दिसत नाही ते घराच्या स्लॅबवरून दिसतं. उपकरणं या आकाशाला बघून घ्यायला हवीत. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण यादीतल्या प्रत्येक वस्तूची निवड त्याने बदलते.

आधी दुर्बिणीचं बघू. आकाश दर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. साधारण ३.९ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर एक पिक्सेल आकाशाचे १६ आर्कसेकंद व्यापतो, म्हणजे तारा सेकंदाला जेमतेम एक पिक्सेल सरकतो. तोच कॅमेरा ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला जोडला की तारा सेकंदाला चौदा पिक्सेल पळतो. त्याला धरून ठेवायला जड आणि महागडा माउंट लागतो. नवशिक्याची पहिली दोन वर्षं त्या माउंटशी झगडण्यात जातात आणि अनेक जण तिथेच छंद सोडतात. शिवाय आकाशातल्या ज्या गोष्टी पहिल्यांदा टिपायच्या, त्या लहान नाहीतच. देवयानी दीर्घिका तीन अंश लांब आहे, पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. त्या ७५० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून साध्या एपीएस-सी कॅमेऱ्यात दोन अंशही मावत नाहीत. १३५ मिलिमीटरच्या लेन्सला मात्र दहा अंश बाय साडेसहा अंश आकाश मिळतं आणि देवयानी आपल्या दोन्ही सोबती दीर्घिकांसह आरामात बसते.

तेव्हा कॅमेरा आणि लेन्स. नवा कॅमेरा घेण्याची गरज नाही. लग्नाची कामं करणारे स्टुडिओ गेल्या काही वर्षांत मिररलेसवर गेले आणि त्यांचे जुने डीएसएलआर विकायला निघाले. निकॉन डी५३००, कॅनन ६००डी या वयाचे कॅमेरे या कामाला उत्तम आहेत. ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स सगळ्यांत स्वस्त मिळते, तिच्यापासूनच सुरुवात करा. एफ/१.८ ला कडेचे तारे पसरतात, एफ/२.८ किंवा एफ/४ ला आणून ठेवा. पुढे हात बसला की १३५ मिलिमीटर. सिंधुदुर्गात वापरलेली लेन्स घेताना मात्र एक गोष्ट चुकवू नका: ती अंधारात धरून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि काचांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते बघा. दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या.

आता उजेड. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. मोपाचा सडा बांद्याच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर. त्याच्यामागे म्हापसा, पर्वरी, पणजी. थोडक्यात, उजेड आहे तो दक्षिणेला, आणि आपल्या आकाशाचं वैभवही तिकडेच. ही खरी अडचण आहे आणि तिला नीट तोंड द्यायला हवं.

आकाशाची चमक चौरस आर्कसेकंदाला किती प्रत (मॅग्निट्यूड), अशी मोजतात. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. निसर्गाचं निर्भेळ काळं आकाश २२ च्या आसपास असतं, मोठ्या शहराच्या मध्यात ते १८ किंवा त्याच्याही खाली येतं. चार प्रतींचा फरक म्हणजे चाळीसपट उजेड. आणि अंधुक तेजोमेघाचा सारख्या दर्जाचा फोटो हवा असेल तर जवळजवळ तेवढ्याच पटीने वेळ द्यावा लागतो: काळ्या आकाशात एका तासात जे मिळतं त्याला शहरात चाळीस तास. बांद्याची अवस्था मुंबई-पुण्याच्या मानाने अजून कितीतरी बरी आहे. इथे काही पट वेळ जास्त द्यावा लागेल. तो द्यायचा, हाच उजेडावरचा पहिला उपाय. मोठी दुर्बीण हा उपाय नाही, कारण ती तेजोमेघाच्या प्रकाशासोबत आकाशाचा उजेडही तितकाच गोळा करते.

दुसरा उपाय म्हणून लोक फिल्टर सुचवतात. इथे मला थोडं थांबायचंय, कारण सिंधुदुर्गाचा या विषयाशी दीडशे वर्षांचा संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असावी असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की ती सोडियमच्या शेजारी आहे, पण सोडियमची नाही. सोडियमची जोडरेषा ५८९ नॅनोमीटरवर आणि ही ५८७.६ वर. नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडातूनच सूर्याकडे बघून ती नव्या मूलद्रव्याची म्हणून ओळखली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता, म्हणून तिथे दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. जेमतेम दीड नॅनोमीटरचा फरक ओळखण्याची ती विद्या, आणि प्रकाशाला रंगांनुसार निवडून वेगळं करणारा फिल्टर, यांचं मूळ एकच आहे.

रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर फिल्टरचं काम सोपं होतं. त्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ च्या आसपास एकवटलेला, तेवढा पट्टा कापला की आकाश काळं. पण जानेवारी २०१५ पासून केंद्राच्या पथदिवे कार्यक्रमाने देशभर एलईडी बसवायला सुरुवात झाली. वीज वाचली, ती वाचायलाच हवी होती. पण पांढऱ्या एलईडीला ४५० नॅनोमीटरजवळ निळं टोक असतं आणि तिथून पुढे हिरव्या-पिवळ्या-लालपर्यंत त्याचा प्रकाश सलग पसरलेला असतो. कापायचं काय? तारे आणि दीर्घिकाही असाच सलग प्रकाश देतात. म्हणून ‘लाइट पोल्यूशन फिल्टर’ या नावाने जो सर्वसाधारण फिल्टर विकला जातो, त्यावर बांद्यातल्या नवशिक्याने पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगळा आहे तो ड्युअल-बँड फिल्टर. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा आणि ऑक्सिजनची ५००.७ ची हिरवट निळी रेषा, या दोनच खिडक्या उघड्या ठेवून तो बाकीचा बहुतेक उजेड अडवतो. मृगातला तेजोमेघ, धनू राशीतला लगून, कॅरिना, हे सगळे याच रेषांत चमकतात, त्यांना तो खरोखर उपयोगी आहे. देवयानीला, कृत्तिकांच्या निळ्या धुक्याला, तारकागुच्छांना तो निरुपयोगी, उलट त्यांचाच प्रकाश खाऊन टाकतो. आणि साध्या डीएसएलआरच्या संवेदकापुढे कारखान्यातूनच जी काच बसवलेली असते ती ६५६ चा बराच लाल प्रकाश अडवते, त्यामुळे न बदललेल्या कॅमेऱ्यावर ड्युअल-बँडचा अर्धा फायदा वाया जातो. म्हणून तोही दुसऱ्या वर्षी.

मग पैसे कशावर? आकाशाबरोबर फिरणाऱ्या छोट्या माउंटवर, ज्याला स्टार ट्रॅकर म्हणतात. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर यांपैकी कुठलाही कॅमेरा आणि १३५ ची लेन्स सहज पेलतो. तो घेताना बघायचं ते आपल्या अक्षांशाचं. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, म्हणजे बांद्यात तो क्षितिजाला जवळजवळ समांतर, फक्त १६ अंश वर. काही इक्वेटोरियल माउंट इतके खाली झुकतच नाहीत. काही झुकतात, पण प्रतिभाराचा दांडा तिवईच्या पायाला लागतो. दुकानदाराला आधी विचारा: १६ अंशांवर हा पूर्ण रात्र अडथळ्याशिवाय फिरतो का? ठाम उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊ नका.

आणखी एक. सगळी पुस्तकं सांगतात की ध्रुव तारा छोट्या दुर्बिणीत पकडून अक्ष जुळवा. बांद्यात उत्तरेला माड-पोफळी, कलमांची बाग किंवा शेजाऱ्याचं छप्पर असतंच, आणि १६ अंशांवर ध्रुव त्यांच्यामागे जातो. नसला तरी तिथल्या धुरकट हवेत तो फिका असतो. घाबरू नका. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक-दीड अंशाहून जास्त फरक नाही, म्हणून मोबाईलचं होकायंत्र आणि उतार मोजणारं ॲप यांवरही सुरुवात होते. हिशेब असा: अक्ष एक अंश चुकला तर तारा जास्तीत जास्त सेकंदाला पाव आर्कसेकंद भरकटतो, म्हणजे मिनिटात सोळाच्या आत. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तो एक पिक्सेल झाला. मिनिटभराची फ्रेम चालून जाते. होकायंत्र वापरताना ते लोखंडी तिवई आणि स्लॅबच्या सळ्यांपासून दूर धरा, नाहीतर ते भलतीच उत्तर दाखवतं.

ट्रॅकरचे पैसे नसतील तर तो सुताराकडून करून घ्या. हे मी अगदी मनापासून सुचवतोय. १९७५ साली जॉर्ज हेग नावाच्या स्कॉटिश हौशी निरीक्षकाने दोन फळ्या आणि एका बिजागरीचा ट्रॅकर प्रसिद्ध केला. खालची फळी तिवईवर पक्की, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि खालच्या फळीतून वर येणारा बोल्ट वरच्या फळीला हळूहळू उचलतो. बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखायची. एम६ बोल्टचा आटा एका फेऱ्याला १ मिलिमीटर पुढे जातो. आकाशाचा पूर्ण फेरा १४३६ मिनिटांचा. त्याला दोन पायने भागलं की २२८.५. बिजागरीच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत बरोबर २२८.५ मिलिमीटर अंतर ठेवा आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवा. तारे थांबतात. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलात की बिजागरी डाव्या हाताला यायला हवी, नाहीतर फळी आकाशाच्या उलट फिरेल. हेग यांच्या स्कॉटलंडात ती बिजागरी ५५ अंशांहून जास्त तिरपी ठेवावी लागते, आपल्याकडे १६ अंशांचं एक पाचर पुरतं. चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी घडवणाऱ्या सावंतवाडीच्या तालुक्यात ही दोन फळ्यांची वस्तू कुणाला जमणार नाही असं होणार नाही. लाकूड मुरलेलं घ्या; साधी प्लायवूड एका पावसात फुगते आणि २२८.५ चं गणित बिघडतं.

दमटपणाबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. नोव्हेंबरपासून तेरेखोलच्या काठावर रात्री उशिरा दंव पडायला लागतं आणि लेन्स आकाशाकडे उघडी असल्यामुळे हवेपेक्षा थंड होऊन आधी तीच भिजते. फ्रेम हळूहळू धूसर होत जातात आणि आपल्याला वाटतं ढग आले. पॉवरबँकवर चालणारी, लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी मिळते. ती फार महाग नाही आणि माझ्या मते कोकणात ती ट्रॅकरइतकीच आवश्यक आहे. लेन्स पुसू नका, पट्टी सुरुवातीपासूनच चालू ठेवा.

बुरशी त्याहून वाईट, कारण ती काच कायमची खाते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून घ्या. कॅमेऱ्यासोबत आलेली कापडी बॅग कपाटात ठेवून देणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. जून ते सप्टेंबर काही टिपता येणार नाही, तेव्हा याच चार महिन्यांत उपकरणं जगवावी लागतात.

मोबाईलवरून चालणाऱ्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींबद्दलही विचारणा असते. २०२३ साली आलेली सीस्टार एस५० जाहीर झाली तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास होती. ५० मिलिमीटर व्यासाची काच, आत कॅमेरा, ड्युअल-बँड फिल्टर आणि दंव घालवणारा हीटर. ती स्वतः वस्तू शोधते, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम एकमेकींवर रचते, आणि अर्ध्या तासात लगून मोबाईलवर दिसतो. तिला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तिचंही आपल्या अक्षांशाशी नीट जमत नाही. ती वर-खाली आणि डावी-उजवी फिरते, त्यामुळे चित्र स्वतःभोवती वळत जातं, आणि हे वळणं लंडनपेक्षा आपल्याकडे दीडपट वेगाने होतं. डोक्यावर तर फारच. कृत्तिका बांद्यात डोक्यापासून अवघ्या आठ अंशांवरून जातात. त्या तिथे पोचण्याआधी, पूर्वेला असतानाच टिपाव्यात. तिला तिरपी बसवून ध्रुवाशी जुळवताही येतं, पण १६ अंशांवर ती जवळजवळ आडवी होते, तेव्हा तिवई जड आणि रुंद हवी. एकट्याने घेण्यापेक्षा अशी एक दुर्बीण बांद्याच्या नट वाचनालयासारख्या संस्थेत असावी असं मला फार वाटतं. पुस्तकासारखी ती आठवड्यासाठी घरी नेता यावी. पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीने वर्षानुवर्षं लोकांना आकाश दाखवलं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे. सीमेच्या अलीकडे, बांद्यात, असं काही सुरू व्हायला माणसं आहेत.

आंबोलीला, चौकुळच्या सड्यावर जा असं सगळे सांगतात. जावं, जमेल तेव्हा. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे, खालची धुरकट हवा बरीचशी पायाखाली राहते. पण महिन्याला एखादी रात्र तिथे मिळणार आणि त्याच रात्री धुकं येणार. शिवाय दोडामार्गच्या बाजूला हत्ती आहेत, सगळीकडे गवे आहेत. घरचे ‘रात्रीचो एकटो जाव नको’ म्हणतात ते बरोबरच आहे. दोघे-तिघे असाल तर जा. घराच्या खळ्यात रोज दोन तास उभी राहिलेली तिवई मात्र वर्षभरात कुठल्याही सहलीपेक्षा जास्त प्रकाश गोळा करते. साठ फ्रेम एकावर एक रचल्या की खरखर जवळजवळ आठपट कमी होते, आणि त्या एकाच रात्रीच्या असायला हव्यात असं बंधन नाही. रचण्यासाठी सिरिल, आणि मोपाकडच्या बाजूने फ्रेमवर चढलेला उजेडाचा उतार काढण्यासाठी ग्राएक्सपर्ट, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

नोव्हेंबरात देवयानीपासून सुरुवात करा. रात्री नऊच्या सुमारास ती उत्तरेकडे तोंड केल्यावर ६४ अंश उंच असते आणि गोव्याचा सगळा उजेड तुमच्या पाठीमागे राहतो. डिसेंबर-जानेवारीत मृग, जवळजवळ ७० अंशांवर. उजेडातून सर्वांत कमी बिघडणारा तेजोमेघ तोच. मार्चनंतर दक्षिणेकडे वळायचं. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ एडमंड हॅलीला १६७७ साली नोंदता आला तो सेंट हेलेना बेटावर गेल्यामुळे. इंग्लंडातून तो उगवतच नाही. बांद्यातून तो मेच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास २७ अंश चढतो. कॅरिनाचा तेजोमेघ एप्रिलमध्ये साडेचौदा अंशांपर्यंतच येतो, जवळजवळ चौपट हवेतून आणि नेमका मोपाच्या उजेडावर. दुसऱ्या वर्षी घ्यायच्या ड्युअल-बँड फिल्टरची पहिली खरी परीक्षा हीच ठेवा.

मोपाचे दिवे आपल्या हातात नाहीत, गावातले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांची तोंडं खाली वळवली गेली. रस्ते तिथे अंधारात गेले नाहीत. बांदेश्वराच्या वाटेवरच्या, बाजारपेठेतल्या ज्या दिव्यांचा उजेड सरळ आकाशात जातो, त्यांना पत्र्याचं एक छत्र बसवायला फार खर्च नाही. ग्रामसभेत हा विषय निघायला हवा, आणि तो काढणाऱ्याच्या हातात स्वतः काढलेले दोन फोटो असले तर जास्त बरं: एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा, सारख्याच सेटिंगवर.

पत्र लिहिणाऱ्याला एक विनंती. ट्रॅकर येण्याची वाट न बघता येत्या अमावास्येला ५० ची लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००, पाच सेकंद, अशी देवयानीची एक आणि मोपाच्या दिशेची एक फ्रेम घ्या आणि काहीही न सुधारता मला पाठवा. त्या दोन फ्रेमवरून बांद्याच्या आकाशाची चमक कशी काढायची, ते त्यानंतरच्या आठवड्यात इथे लिहितो.